दोन छावण्यांचं वैर आणि आपली भाकर

अमेरिका आणि रशिया यांचं वैर आपण बातम्यांत ऐकतो. पण दुसऱ्या महायुद्धात हे दोघं एकाच बाजूनं लढले होते. मग बिनसलं कुठं? आणि त्याचा आपल्या चुलीशी काय संबंध? आज तेच पाहू.

दोघांची घर चालवायची रीतच वेगळी होती. अमेरिकेत जमीन, कारखाने खासगी मालकांचे आणि नफाही त्यांचाच. ही भांडवलशाही. रशियात १९१७ ला क्रांती झाली. तिथं मालकी सरकारची आणि पक्ष एकच. हा साम्यवाद. क्रांती मोडायला इंग्लंड-अमेरिकेनं तेव्हा रशियात फौजा उतरवल्या होत्या. रशिया ते विसरला नाही. उलट १९३९ ला रशियानं हिटलरशी करार केला होता, ते इतरांच्या लक्षात होतं. पुढे हिटलर दोघांवरही उलटला, म्हणून ते एकत्र आले. शत्रू संपला आणि मैत्रीही संपली.

युद्धात रशियाची दोन कोटींहून जास्त माणसं मेली, गावंच्या गावं जळाली. अमेरिकेची शेतं-कारखाने मात्र शाबूत होते, वर हातात अणुबॉम्ब. पुन्हा कुणी चालून येऊ नये म्हणून रशियानं शेजारच्या देशांत आपल्या मर्जीची सरकारं बसवली. पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुकीचा शब्द दिला होता, तो पाळला नाही. अमेरिकेला वाटलं, हा आता सगळा युरोप गिळणार.

१९४७ ला अमेरिकेनं युरोप उभा करायला मार्शल योजना आणली. सुमारे १३०० कोटी डॉलर दिले. त्यात माणुसकी होती, तसा आपला माल खपावा आणि भुकेली माणसं साम्यवादाकडे वळू नयेत हा हिशेबही होता. रशियानं आपल्या गोटातल्या देशांना ती मदत घेऊ दिली नाही. १९४८ ला त्यानं पश्चिम बर्लिनचे रस्ते अडवले. वीस लाखांवर लोकांना जवळजवळ वर्षभर विमानानं अन्न आणि कोळसा पोचवावा लागला. १९४९ ला अमेरिकेनं मित्रदेशांचा लष्करी करार केला आणि त्याच वर्षी रशियानंही अणुबॉम्ब फोडला. दोन छावण्या पक्क्या झाल्या.

आपला भाग तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नव्या भारतानं ठरवलं, कुणाच्याच छावणीत जायचं नाही. पण पोट रिकामं होतं. भारतानं अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं. कोरियाच्या युद्धात भारत आपल्या बाजूनं बोलत नाही म्हणून तिथले काही खासदार नाराज होते. चर्चा महिनोन्‌महिने चालली. जून १९५१ मध्ये धान्य मंजूर झालं, तेही कर्जाऊ. १९५६ पासून अमेरिकेचा गहू करारानं, रुपयांत मिळू लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात मात्र अध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडाथोडा, हात राखून सोडला. आपल्या सरकारनं शेती सुधारावी हा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करतो, हा रागही होता.

पुढं १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आली. १९७३ ला रशियानं वीस लाख टन गहू उसना दिला. दोघांच्याही धान्यानं आपली माणसं जगली, हे नाकारायचं नाही. पण देणाऱ्याचा स्वार्थही विसरायचा नाही.

मैत्रिणींनो, कणगीत दाणे असले की माणूस ताठ मानेनं बोलतो. देशाचंही तसंच असतं. आपल्या गटाला कुणी कर्ज किंवा मदत देऊ केली, तर घ्यायची की नाही हे आपण ठरवू. पण सही करण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारू या: कोण देतंय, कशासाठी देतंय आणि बदल्यात काय मागतंय?