खानेसुमारीतला एक रकाना

‘खानेसुमारी’ हा शब्द आता जुन्या दप्तरांत आणि शब्दकोशांतच सापडतो. त्याची जागा आधी ‘शिरगणती’ने आणि मग ‘जनगणने’ने घेतली. पहिल्या शब्दात घरे मोजली जातात, दुसऱ्यात डोकी आणि तिसऱ्यात माणसे. शब्दांचा हा प्रवास वाटतो तितका सरळ मात्र नाही. ज्यांचे शरीर किंवा मन रूढ मापात बसत नाही अशांची या मोजणीत कशी दखल घेतली गेली, हे पाहू लागले की ‘जन’ या शब्दात कोणाचा समावेश आहे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भारतीय जनगणनेतील अपंगत्वाच्या रकान्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आकड्यांचा इतिहास समजला जातो. प्रत्यक्षात तो प्रश्नांचा इतिहास आहे.

१८७२मध्ये ब्रिटिश अमदानीतली पहिली देशव्यापी मोजणी झाली आणि १८८१पासून ती नियमाने दर दहा वर्षांनी होऊ लागली. तेव्हापासून १९३१पर्यंत ‘व्यंगां’ची नोंद होत राहिली. पुढे स्थिर झालेल्या यादीत चार वर्ग होते: वेडे, जन्मापासून मुकेबहिरे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे आणि महारोगी. हात किंवा पाय गमावलेला माणूस या यादीत नव्हता. ही निवड सहज झालेली नाही. राज्यकर्त्यांना माणसाच्या अडचणीपेक्षा त्याच्यापासून संभवणाऱ्या उपद्रवाची आणि त्याच्या बंदोबस्ताची काळजी अधिक होती. १८९८च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने, भीक मागून जगणाऱ्या रोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. अशा काळात दारात आलेल्या सरकारी माणसाला ‘आमच्या घरात महारोगी आहे’ असे कोणते कुटुंब सांगणार होते?

भाषेची अडचण वेगळीच होती. ‘कोड’ आणि ‘कुष्ठ’ यांतला भेद वैद्यकाला ठाऊक असला तरी लोकव्यवहारात कोडालाही ‘श्वेतकुष्ठ’ म्हणत. त्यामुळे कोड असलेल्याची नोंद महारोगी म्हणून करू नये, अशी सूचना प्रगणकांना द्यावी लागे. स्त्रियांची नोंद पुरुषांपेक्षा बरीच कमी होई, आणि त्यामागे लपवाछपवी असावी असा तर्क अहवाल लिहिणारे अधिकारीही करीत. अखेरीस हे आकडे विश्वसनीय नाहीत असे ठरले आणि १९४१च्या मोजणीतून हा रकाना वगळला गेला. मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यात विश्वास नसेल तर आकडा उभा राहत नाही, हे सरकारने अशा रीतीने मान्य केले. विश्वास का नव्हता, याचा विचार मात्र केला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१, १९६१ आणि १९७१ या तिन्ही जनगणनांत हा प्रश्न आला नाही. नव्या राष्ट्राने जमीन, धान्य, साक्षरता, धंदे अशा अनेक गोष्टी मोजल्या, पण या माणसांविषयी त्याने मौन पाळले. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते, म्हणून त्या वर्षी घरयादी करताना प्रश्न विचारला गेला. तो तीनच प्रकारांचा होता: पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके. उत्तर मिळाले सुमारे ११ लाख. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने स्वतंत्र अभ्यास केला, आणि तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी २० लाख अपंग व्यक्ती होत्या.

एकाच वर्षी, एकाच देशात, एकाच सरकारच्या दोन यंत्रणांनी काढलेल्या या आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. त्याची कारणे अनेक असतील, परंतु ‘पूर्ण’ या एका विशेषणाचा वाटा त्यात मोठा आहे. काठीच्या आधाराने शेतापर्यंत जाणारा ‘पूर्ण पांगळा’ नव्हे. एका डोळ्याने अंधूक पाहणारी ‘पूर्ण आंधळी’ नव्हे. आम्ही मराठीचे अध्यापक विशेषण हे नामाविषयी अधिक माहिती देते असे वर्गात शिकवतो. येथे एका विशेषणाने एक कोटीहून अधिक माणसे कागदावरून नाहीशी करायला हातभार लावला.

१९९१च्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा गळला. या वेळी मात्र त्याची दखल घेणारे लोक तयार होत होते. चाकाच्या खुर्चीवरून वावरणारे जावेद अबिदी (१९६५–२०१८) आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३पासून दिल्लीत हक्कांची चळवळ बांधायला घेतली. डिसेंबर १९९५मध्ये अपंग स्त्रीपुरुषांनी संसदेवर धडक दिली आणि त्याच महिन्यात समान संधी, हक्कसंरक्षण व पूर्ण सहभाग यांविषयीचा कायदा संमत झाला. त्यात सात प्रकारांना मान्यता होती, लाभासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट होती आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. परंतु ज्यांच्यासाठी कायदा झाला ती माणसे किती, याचे उत्तर जनगणनेजवळ नव्हते. आकडा नसेल तर तरतूद कोणत्या आधारावर मागायची? म्हणून २००१च्या जनगणनेत प्रश्न यावा यासाठी चळवळीने आग्रह धरला, आधीची नकारघंटा ऐकूनही तो सोडला नाही, आणि प्रश्नावलीत तो आला. पूर्वी ज्या नोंदीपासून कुटुंबे पळत होती, तीच नोंद आता लोक स्वतःहून मागत होते. या इतिहासातले खरे वळण येथे आहे.

२००१मध्ये २ कोटी १९ लाख व्यक्तींची, म्हणजे लोकसंख्येच्या २.१३ टक्क्यांची नोंद झाली. त्यांतील जवळजवळ निम्म्या, सुमारे १ कोटी ६ लाख, दृष्टिदोष असलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी झालेल्या नमुना पाहणीत मात्र निम्म्याहून अधिक वाटा हालचालीच्या अपंगत्वाचा निघाला. याचे एक कारण व्याख्येत होते. एकाच डोळ्याने नीट दिसणारी व्यक्ती जनगणनेने अपंग धरली होती. ज्याला अंधूक दिसते पण चष्म्याने सुधारेल की नाही हे तपासण्याची संधीच मिळालेली नाही, त्यालाही धरले होते. २०११मध्ये एका डोळ्याची अट बदलली, प्रकार आठ झाले आणि आधी पंधराव्या क्रमांकावर असलेला प्रश्न नवव्या क्रमांकावर आला. एकूण संख्या २ कोटी ६८ लाख झाली, पण दृष्टिदोषाची संख्या निम्म्याहून खाली, ५० लाखांवर आली. उलट श्रवणदोषाची सुमारे १३ लाखांवरून ५१ लाखांवर गेली. महाराष्ट्राचा एकूण आकडा याच दहा वर्षांत सुमारे १५.७ लाखांवरून २९.६ लाखांवर गेला. दहा वर्षांत राज्यातली इतकी माणसे अपंग झाली, असे कोणी म्हणणार नाही. ती आधीही होतीच. विचारण्याची रीत, विचारणाऱ्याची तयारी आणि सांगणाऱ्याचे धैर्य यांत फरक पडला.

ब्रिटिश अभ्यासक मायकेल ऑलिव्हर यांनी १९९०मध्ये त्यांच्या देशातील सरकारी पाहणीचे प्रश्न घेऊन ते उलटे करून दाखवले होते. तुमच्यात काय दोष आहे असे विचारण्याऐवजी समाजात काय दोष आहे असे विचारले, तर उत्तर देणारा आरोपी राहत नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढे वॉशिंग्टन गटाने रचलेल्या सहा प्रश्नांत ‘आंधळा’, ‘बहिरा’ अशी नावेच नाहीत. पाहायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचे आवरायला, इतरांशी बोलायला किती अडचण येते, एवढेच विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये जगातील अपंगत्वाचे प्रमाण सुमारे १५ टक्के मानले. आपले दोन टक्के आणि हे पंधरा टक्के यांतले अंतर प्रकृतीचे नाही. ते बहुतांशी व्याख्येचे आणि विचारण्याच्या पद्धतीचे आहे.

दरम्यान २०१६च्या कायद्याने सातचे एकवीस प्रकार केले आणि आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. ‘अपंग’चे ‘विकलांग’ झाले, ‘विकलांग’चे ‘दिव्यांग’. नावे भराभर बदलली. दारातला प्रसंग फारसा बदललेला नाही. प्रगणक उंबऱ्याशी उभा राहतो आणि घरातला कर्ता उत्तर देतो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, म्हणून तिच्या भावाच्या आजाराविषयी तो बोलत नाही. म्हातारीला ऐकू येत नाही हे त्याला वयाचे वाटते, अपंगत्वाचे नव्हे. आतल्या खोलीतल्या माणसाला कोणी विचारतच नाही. १८९८ची भीती गेली तरी तिची सावली उरली आहे.

२०२१ची लांबलेली जनगणना आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनाने व्हायची आहे. रकान्यात किती प्रकार असावेत यावर चर्चा व्हायलाच हवी. पण त्याइतकेच महत्त्व आणखी एका गोष्टीला द्यायला हवे: प्रगणकाला हा प्रश्न नीट विचारायला शिकवले जावे, आणि शक्य तेथे तो ज्याचा आहे त्यालाच विचारला जावा. मोजणीने कोणाचे दुःख कमी होत नाही, हे खरे. परंतु आपली गणना व्हावी असा आग्रह धरण्यापर्यंत ही माणसे पोहोचली ती शंभराहून अधिक वर्षांच्या प्रवासानंतर. निदान त्यांचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून येऊ नये.