लक्ष्मीबाई आणि मंडळी

मिशनचा इतिहास सांगताना आपण मिशनरी मोजतो, पाळक मोजतो. मंडळीतली म्हातारी माणसं राहूनच जातात. आज लक्ष्मीबाई टिळकांकडे आपण त्या बाजूने पाहू.

1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच मागोमाग गेल्या का? नाही. त्या वेगळ्या राहिल्या. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे स्वतःला पटलं, तेव्हा कुठे 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या. हे विसरू नका. ही श्रद्धा नवऱ्याच्या शब्दाखातर आलेली नव्हती, म्हणूनच ती त्याच्या पश्चातही टिकली.

1919 मध्ये टिळक गेले. बाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. शाळा नाही, लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं, पाळकपणाची दीक्षा तर दूरच. टिळकांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अर्धवट पडलं होतं. ते एखाद्या धर्मपंडिताकडे दिलं असतं तर? आमच्या मते ग्रंथ काटेकोर झाला असता, पण कोणी वाचला नसता! बाईंनी तो पुरा केला. पोथी ऐकत वाढलेल्या कानांना येशूचं चरित्र ओळखीच्या चालीत मिळालं.

1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागली. तिथे टिळकांचा लहरीपणा आहे, घरातली ओढाताण आहे, स्वतःची फजिती तर पानोपानी. उपदेश जवळजवळ नाहीच. ख्रिस्ती माणूस घरात कसा जगतो, हे महाराष्ट्राला प्रवचनांपेक्षा या पुस्तकाने जास्त कळलं, असं आम्ही बेधडक म्हणतो.

पुरं झालेलं ‘ख्रिस्तायन’ छापून येण्याआधीच, 1936 मध्ये, बाई गेल्या.