तळटीप १४ : ‘-रन टेस्टलॉगिन’
१४. ‘-रन’ हा गो या संगणकभाषेतील ‘गो टेस्ट’ आज्ञेचा पर्याय. त्यापुढे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा साचा, द्यायचा असतो, ज्या चाचण्यांच्या नावात तो कुठेही सापडेल तेवढ्याच चालतात. म्हणून ‘टेस्टलॉगिन’ लिहिले की ‘टेस्टलॉगिनएक्स्पायर्ड’ही चालते. नेमकी एकच हवी असेल तर साच्याच्या आधी ^ आणि शेवटी $ लावावे. तिरपी रेघ देऊन उपचाचणीही निवडता येते (आवृत्ती १.७, २०१६पासून). महत्त्वाचे म्हणजे, साचा एकाही नावाशी जुळला नाही तरी निकाल ‘ओके’च येतो, चालवायला चाचणीच नव्हती, एवढी सूचना तेवढी शेजारी छापली जाते. लेखकाच्या सहकाऱ्याने वाचली नाही ती हीच ओळ.