बोकडाची पाणथरी आणि खिल्लार बैल

सातारा आणि सांगली हे जिल्हे १९४९ मध्ये प्रशासनाच्या सोयीसाठी वेगळे झाले आणि दक्षिण सातारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. परंतु गुराढोरांच्या व्यवहाराने हा मुलूख त्याआधीही एक होता आणि त्यानंतरही एकच राहिला. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत पैदा होणारे खिल्लार खोंड म्हसवड, पुसेगाव आणि खरसुंडी येथील यात्रांच्या बाजारात उभे राहत, आणि तेथून कृष्णाकाठच्या काळ्या रानात, घाटाखाली किंवा कर्नाटकात जात. या बाजारांत शेकडो दावणींची जनावरे काही दिवस एकाच पाण्यावर राहत असल्यामुळे एखाद्या गोठ्यातील आजार चार तालुक्यांत पसरायला वेगळ्या निमित्ताची गरज नसे. प्राण्यांच्या शरीरातील संरक्षणव्यवस्थेचा या प्रदेशातील इतिहास म्हणूनच बैलबाजाराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग बुळकांडी या एका रोगाने व्यापलेला आहे.

बुळकांडी झालेल्या जनावराला प्रथम सडकून ताप येई, नाकाडोळ्यांतून पाणी गळे, हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा टाकल्यासारखे पांढुरके चट्टे उठून त्यांचे व्रण होत, आणि पुढे रक्तमिश्रित, दुर्गंधी जुलाब सुरू होऊन ते बहुधा आठ-दहा दिवसांत मरे. बाहेरून हा आतड्याचा रोग वाटत असला, तरी त्याच्या विषाणूचे खरे भक्ष्य म्हणजे जनावराच्या संरक्षणाच्या पेशी आणि ऊती, म्हणजे एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचे समूह. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजात, पांढऱ्या रक्तपेशी तयार होतात. त्यांपैकी लसीकापेशी मानेतील, खांद्यापुढील आणि आतड्यालगतच्या लसीकाग्रंथींत, तसेच पाणथरीत, म्हणजेच प्लीहेत, दाटीने वस्ती करून असतात आणि शरीरात शिरलेला परका घटक तेथे ओळखला जातो. बुळकांडीचा विषाणू नेमका याच वस्तीत शिरून वाढे. ज्यांनी रोग ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्या एकाच रोगबीजाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, तयार करायची, त्याच पेशी आधी मारल्या जात असल्यामुळे जनावर दुहेरी अडचणीत सापडे. मात्र जे जनावर यातून उठे त्याला हा रोग जन्मात पुन्हा होत नसे, आणि पुढची सगळी उपाययोजना या एकाच निरीक्षणावर उभी राहिली.

सरकारी पातळीवर या प्रश्नाची पहिली गंभीर दखल हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ च्या अहवालात घेतली. त्यानंतर १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. पण घातक रोगबीजे गजबजलेल्या शहरात हाताळणे धोक्याचे असल्याने आणि थंड हवेची गरज असल्याने ती १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. साताऱ्याच्या शेजारी जन्मलेली संस्था अशा रीतीने हिमालयात गेली आणि तिची फळे दख्खनला दुरून चाखावी लागली. मुक्तेश्वरला १८९९ पासून बुळकांडीविरोधी रक्तद्रव तयार होऊ लागला. बुळकांडीतून उठलेल्या जनावराचे रक्त गोठू देऊन वर उरणारा, प्रतिपिंडांनी भरलेला पिवळसर द्रव निरोगी जनावराला टोचला की त्याला उसने संरक्षण मिळे. परंतु उसने आणलेले हे बळ थोड्याच आठवड्यांत संपे, कारण ज्या पेशी प्रतिपिंडे तयार करतात त्या मूळ जनावरातच राहत. पुढे रक्तद्रवासोबत जिवंत विषाणूही टोचण्याची पद्धत आली. तिने संरक्षण टिकाऊ होई, पण ती खर्चिक होती आणि टोचलेले जनावरच कधीकधी रोगाचे केंद्र ठरे.

या कोंडीतून वाट निघाली ती बोकडामुळे. मुक्तेश्वरचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा शेकडो वेळा पुढे नेला, तेव्हा तो शेळीच्या शरीराला इतका सरावला की गायीबैलांत तो फक्त हलका ताप आणू लागला आणि आयुष्यभराचे संरक्षण मात्र देऊ लागला. लस करण्याची रीत ओबडधोबड म्हणावी अशीच होती. शेळीला विषाणू टोचायचा, ताप ऐन भरात आला की तिला मारून पाणथरी काढायची, ती वाटून निर्वात पात्रात वाळवायची, भुकटी काचेच्या कुप्यांत बंद करायची आणि बर्फात ठेवून गावोगाव पोचवायची. तेथे ती मिठाच्या पाण्यात कालवून जनावराच्या कातडीखाली टोचली जाई. पाणथरीच का, याचे उत्तर त्या काळी व्यवहारापुरते होते, ते म्हणजे विषाणू तेथे सर्वांत जास्त सापडतो. लसीकापेशींच्या आवरणावरील एका विशिष्ट प्रथिनाला धरूनच हा विषाणू आत शिरतो, हे समजायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

देशव्यापी निर्मूलन मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली, तेव्हा संरक्षणाच्या पेशींविषयी शास्त्राला किती माहीत होते, हे पाहण्यासारखे आहे. कोंबडीच्या गुदद्वाराजवळील फॅब्रिशियसची पिशवी ही प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींची शाळा आहे, हे ग्लिक यांच्या प्रयोगातून १९५६ मध्ये पुढे आले, आणि छातीतील थायमस ही ग्रंथी रोगग्रस्त पेशींना मारणाऱ्या पेशी घडवते, याचा उलगडा मिलर यांनी १९६१ नंतर केला. आटपाडीच्या माळावर लस टोचणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ते ठाऊक नसल्यामुळे त्याच्या कामात तसूभरही उणेपण आले नाही. या मोहिमेचे श्रेय प्रयोगशाळेइतकेच लस टिकवणाऱ्या बर्फाला, सायकलीला आणि बाजारातील तपासणीला द्यायला हवे. इतिहासकार ते सहसा देत नाहीत. संकरित गायींना मात्र ही लस जड जाई, म्हणून त्यांच्यासाठी सशावर सौम्य केलेली आणि पुढे प्लाउराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेली लस आली. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत झाला, २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग.

दरम्यान गोठ्यातील जनावर बदलले होते. मणिभाई देसाई यांच्या बाएफ या संस्थेचे काम उरुळीकांचनला १९६७ मध्ये सुरू झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात संकरित गायींचा प्रसार वेगाने झाला, कृष्णाकाठी दूध हा उसाच्या जोडीचा धंदा झाला आणि खिल्लार गोठ्यातून हळूहळू मागे पडला. होल्स्टिन रक्ताच्या गायीबरोबर गोचीडतापाचे महत्त्व वाढले. गोचिडीतून येणारा थायलेरिया हा एकपेशीय परजीवी पांढऱ्या पेशींना मारत नाही; त्यांत घर करून त्यांना अखंड विभागायला लावतो, जणू संरक्षक पेशीलाच कर्करोग जडावा. पशुवैद्य अशा गायीच्या खांद्यापुढे हात फिरवतो तेव्हा एरवी स्नायूखाली चाचपडून शोधावी लागणारी लांबट ग्रंथी त्याच्या बोटांना टणक आणि सुजलेली लागते, आणि रक्ततपासणीच्या आधीच निदान बरेचसे होऊन जाते. खिल्लारसारखी देशी गुरे हा परजीवी बऱ्यापैकी सोसतात. विदेशी रक्ताच्या गायीत मात्र संरक्षक पेशींचा प्रतिसादच इतका बेफाम होतो की तोच घातक ठरतो. यावरची लस म्हणजे परजीवी असलेल्या पांढऱ्या पेशीच काचपात्रात वर्षानुवर्षे वाढवून सौम्य केलेल्या असतात आणि त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जिवंत ठेवाव्या लागतात. बोकडाच्या पाणथरीपासून येथवर साधने पार बदलली, पण संरक्षणाची पेशीच लसीचा कच्चा माल ठरते हे सूत्र कायम राहिले. पशुवैद्यकाचे उच्च शिक्षणही सातारा जिल्ह्यात आले ते १९८८ मध्ये, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे.

लम्पी चर्मरोग २०२२ मध्ये राज्यभर पसरला तेव्हा सातारा आणि सांगलीही सुटले नाहीत. गुरांचे बाजार, यात्रा आणि शर्यती बंद झाल्या आणि शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचण्यात आली. दोन्ही विषाणू सख्खे भाईबंद असल्यामुळे एकाची ओळख झालेल्या लसीकापेशी दुसऱ्यालाही ओळखतात, हा त्यामागचा आधार होता. ही लस चार महिन्यांवरील जनावरांसाठी होती. त्याहून लहान वासरांचे काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हते, ते चिकात होते. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे गर्भातच मिळतात. गायीच्या वारेची रचना अशी असते की वासरू जन्मते ते प्रतिपिंडांवाचून, आणि चिकातील प्रतिपिंडे त्याच्या आतड्यातून रक्तात जातात ती जन्मानंतर जेमतेम चोवीस तास, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वाधिक. असे असूनही वार पडेपर्यंत वासराला चीक न पाजण्याची समजूत अनेक गोठ्यांत टिकून आहे, आणि पहिल्या धारेचा चीक खरवसासाठी बाजूला काढण्याची सवयही. बुळकांडी घालवणाऱ्या प्रदेशाने ही रूढी इतकी वर्षे चालू ठेवावी, याला अज्ञानापेक्षा दुर्लक्ष म्हणणे अधिक योग्य होईल. वार पडो वा न पडो, वासराच्या वजनाच्या सुमारे एकदशांश चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात गेला पाहिजे, त्यातला पहिला घोट जन्मानंतर तासाभराच्या आत. खरवस त्यातून उरला तर करावा.