सह्याद्रीची उंची ब्राउझरपर्यंत कशी पोहोचली?

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘कार्टोसॅट-१’ अवकाशात झेपावला. इस्रोच्या बंगळुरू येथील केंद्रात घडलेल्या या उपग्रहावर दोन कॅमेरे होते; एक पुढे २६ अंशांत, दुसरा मागे ५ अंशांत कललेला. एकाच भूभागाची दोन कोनांतून टिपलेली छायाचित्रे जुळवून डोंगरदऱ्यांची उंची काढता येऊ लागली.

१२ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ खुले झाले. मात्र तेव्हाच्या ब्राउझरांना त्रिमितीय चित्र स्वतः रेखाटता येत नसे. त्यासाठी संगणकावर वेगळे प्लगइन बसवावे लागे. ज्याला ते बसवता येत नसे, त्याच्यासाठी सह्याद्री सपाटच राही.

२०११ मध्ये ‘वेबजीएल’ मानक आले आणि ब्राउझरला संगणकाच्या ग्राफिक्स प्रोसेसरचा थेट उपयोग करता येऊ लागला. २०१५ मध्ये ‘जीएलटीएफ’ हे फाइलस्वरूप आले. त्यात आकाराचे आकडे द्विमान रूपात साठवले जातात, त्यामुळे ते फारसे रूपांतर न करता प्रोसेसरकडे सोपवता येतात. विस्तीर्ण भूप्रदेशासाठी फरशांसारखे तुकडे करण्याची रीत रुळली: दूरचा डोंगर ढोबळ, जवळचा बारकाव्यांसह, नजरेबाहेरचा मागवायचाच नाही.

सार्वजनिक पैशातून मोजलेली उंची सामान्य नागरिकाला दिसावी, यासाठी उपग्रहाइतकेच महत्त्व फाइलीच्या या मांडणीलाही आहे.