ऐकून टिकलेली मराठी

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाज पोर्ट लुईला लागले आणि शर्तबंद मजुरांची मॉरिशसची वाट मोकळी झाली. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे आप्रवासी घाटाच्या वाटेने या बेटावर आली. बहुतेक कलकत्त्याहून, मुंबई बंदरातून निघालेल्यांत आमचे कोकणातले पूर्वज होते. महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात त्यांचे क्रमांक, जहाजे, गावे सापडतात. ते कोणत्या गोष्टी कानांत घेऊन आले, हे मात्र नोंदवहीवरून कळत नाही.

त्या काळच्या कोकणात अक्षरओळख थोड्यांना, पण पोथी सगळ्यांची. एकाने सुरात वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, जाणत्याने ओवी सोडवून सांगायची. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिले गेले ते अशाच श्रोत्यांसाठी. अक्षरशत्रू माणसालाही पुढचा प्रसंग आधीच ठाऊक असे आणि तरी तो ऐकायला बसे.

ही रीत उसाच्या मळ्यांतल्या वस्त्यांत बैठकांमधून रुजली. दिवसभर राबून आलेली माणसे संध्याकाळी दिव्याभोवती जमत आणि पोरे शेजारी पेंगत ऐकत. बैठका म्हणजे शाळा, देऊळ आणि पंचायत, सारे एकाच छपराखाली. मराठी तगली ती व्याकरणाने नव्हे, या ऐकण्याने, असे आम्हा शिक्षकांचे मत आहे.

आज घरोघरी क्रिओल बोलली जाते. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच आहेतच. २०१२ पासून क्रिओलही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली. क्रिओल आमचीच, तिच्याशी भांडण नाही. पण मराठी घ्यायची की नाही हे पालक ठरवतात, आणि एखादे वर्ष पटावर चारच नावे उरतात.

म्हणून आम्ही मोठ्याने वाचतो. तासातली पहिली दहा मिनिटे पुस्तके मिटलेली, फक्त कान उघडे. क्रिओल कोड्यांत विचारणारा 'सिरांदान?' म्हणतो आणि ऐकणारे 'सांपेक!' ओरडतात, हे आमच्या मुलांना पाळण्यापासून माहीत. तेव्हा कहाणीतला हुंकार त्यांना शिकवावा लागत नाही. 'आटपाट नगर होतं' म्हणून आम्ही थांबतो, की अख्खा वर्ग 'हूं' करतो. राक्षसाचा आवाज मात्र आम्हालाच काढावा लागतो, आणि तो दर वेळी आणखी जाडा हवा असतो! क्रिओलमध्ये 'श' नाही, 'ळ' नाही. कोणाच्या तोंडी 'शाळा'ची 'साला' होते. आम्ही हसू दाबतो, तेच वाक्य पुन्हा सावकाश वाचतो, आणि तिसऱ्या खेपेला 'ळ' नीट टाळूला लागतो. त्या वेळी त्या पोराचा चेहरा पाहावा!

मोठ्या इयत्तेतली मुले हल्ली पुढचे पान आपण वाचू म्हणून हट्ट धरतात. काही जण पुस्तक घरी नेऊन आजीला वाचून दाखवतात. आजीला अक्षर येत नाही, पण चुकलेला 'ळ' ती लगेच पकडते.