उन्हाळ्यात हृदय सांभाळा

चैत्र सरला की रामाकोना, सौंसर, पांढुर्णा भागात ऊन तापू लागते आणि मेच्या शेवटी नवतपा येतो. याच दिवसांत लग्नसराई असते, संत्र्याच्या बागांना पाणीही द्यावे लागते. घरात हृदयरोगी किंवा वयस्क मंडळी असतील तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

ताण का येतो?
अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते. घामातून पाणी आणि मीठ जाते, रक्तदाब उतरतो आणि ठोके वाढतात. आपल्याकडचे ऊन कोरडे, घाम लगेच वाळतो. त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. म्हातारपणी तहानही कमी लागते.

काय करावे?
• दुपारी १२ ते ४ बाहेरची कामे टाळावीत. बागेचे काम सकाळी लवकर उरकावे. निघताना डोक्याला दुपट्टा बांधावा.
• तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक, पन्हे घ्यावे. रक्तदाब असेल तर त्यात मीठ बेताचे, मधुमेह असेल तर साखर टाळावी.
• कूलर लावताना खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमटपणा वाढतो.

गोळ्यांचे काय?
लघवीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते. तरी गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर उन्हाळ्यात किती प्यावे हे त्यांनाच विचारावे.

ऊन लागले की हृदयाचा त्रास?
अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी टाकून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, थंड घाम ही हृदयविकाराची लक्षणे आहेत. स्त्रिया आणि मधुमेही यांना कधी नुसती मळमळ किंवा थकवाच जाणवतो. दोन्ही वेळी १०८ वर फोन करावा.

‘ऊन लागले असेल, कांद्याचा रस द्या, संध्याकाळी पाहू’ असे म्हणत वेळ घालवू नये. हृदयविकारात पहिला तास फार मोलाचा असतो. आपल्या घरच्या आजी-आजोबांच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी नवतप्याआधीच बोलून घ्यावे, ही आम्हा सर्वांची विनंती.